मिठागरांवरचा माहितीपट : सुपर ८ फिल्मवर करावा की डिजिटलवर?

शापोराकाठ (पेडणे)

नमस्कार. पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरांवर पंधरा ते वीस मिनिटांचा माहितीपट करण्याचे मी ठरविले असून येत्या हंगामात चित्रीकरण सुरू करावयाचे आहे. पाऊस सरल्यावर बांधांची डागडुजी होते, वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट केला जातो, मानशीतून, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेतले जाते आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरत, उन्हाने आटत, अखेरीस मीठ धरते. त्यानंतर पहिला पाऊस पडेपर्यंत मीठ ओढण्याचे काम चालू राहते. हे काम आजही हाताने होते आणि ते करणारी माणसे बहुतांशी उतारवयाची आहेत. त्यामुळे जे चित्रित होईल ते नीट व्हावे आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्याकडे ४के (सुमारे चार हजार बिंदू रुंदीचे चित्र) आणि १० बिट (रंगछटांच्या अधिक पायऱ्या) नोंद करणारा एक डिजिटल कॅमेरा आहे. त्याशिवाय माझे मामा आखातात नोकरीला असताना त्यांनी घेतलेला एक सुपर ८ कॅमेरा, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालणारा घरगुती कॅमेरा, घरी आहे. तो सेकंदाला १८ आणि २४ फ्रेम (चित्रे) अशा दोन्ही गतींवर चालतो, त्याच्या भिंगावर बुरशी नाही, मात्र आतील लाइट मीटर (प्रकाश मोजणारे यंत्र) बंद पडला आहे. चित्रपटाची आवड असलेल्या काही स्नेह्यांचा आग्रह असा आहे की हा विषय फिल्मवरच करावा. परंतु केवळ जुनेपणाचा आभास निर्माण करण्यासाठी फिल्म वापरणे मला पटत नाही, कारण तो आभास आज संगणकावरही आणता येतो. फिल्म वापरायची तर तिने या विषयाला असे काही दिले पाहिजे जे डिजिटल कॅमेरा देणार नाही.

भर दुपारचे ऊन आणि पांढरेशुभ्र मीठ यांना दोन्ही माध्यमे कशी तोंड देतात, खर्चाचा अंदाज कसा बांधावा, माणसांचे बोलणे कसे घ्यावे आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे सगळे टिकवावे कसे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लाइटमीटर (पणजी)

मिठागर हा फिल्मला अनुकूल असलेला विषय आहे, आणि तरीही संपूर्ण माहितीपट सुपर ८ वर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही गोष्टींची कारणे सविस्तर सांगतो.

प्रथम उन्हाविषयी. दुपारी मिठाच्या राशीवर पडणारा प्रकाश आणि डोक्यावरच्या टोपलीच्या सावलीत असलेला चेहरा यांच्यातील अंतर फार मोठे असते. डिजिटल सेन्सर ठरावीक मर्यादेपर्यंत प्रकाश अचूक नोंदवितो. ती मर्यादा ओलांडली की त्या भागात काहीच शिल्लक राहत नाही, आणि मिठाचे खडे, त्यांच्यातील ओल, त्यांच्यावरची करडी छटा हे सारे एका सपाट पांढऱ्या डागात नाहीसे होते. कलर निगेटिव्हची वागणूक वेगळी आहे. तिच्यावर जास्त प्रकाश पडला तरी तिची घनता एकदम न थांबता हळूहळू वाढत जाते, त्यामुळे दोन स्टॉप अधिक, म्हणजे चौपट, प्रकाश मिळूनही (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो) मिठातील तपशील स्कॅनमध्ये परत आणता येतो. उलट प्रकाश कमी पडला तर ती लवकर हरते, सावल्या मळकट होतात आणि त्यांत फिल्मचे दाणे दिसू लागतात. म्हणून डिजिटलवर एक्सपोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते) उजेडाकडे पाहून ठरवावे आणि निगेटिव्हवर सावलीकडे पाहून ठरवावे. ही सवलत निगेटिव्हचीच आहे. एक्टाक्रोमसारख्या रिव्हर्सल (धुतल्यावर थेट सरळ चित्र देणाऱ्या) फिल्मला थोडाही जास्त प्रकाश सोसत नाही, त्यामुळे मिठागरावर ती वापरू नये.

तुमचा डिजिटल कॅमेरा १० बिटचा आहे आणि त्यात लॉग पद्धतीने, म्हणजे उजेड-सावलीचा मोठा पल्ला सामावून, नोंद करण्याची सोय असेल तर हा फरक पूर्वीइतका मोठा राहत नाही. झीब्रा (अति उजेडाच्या भागावर पट्टे दाखविणारी सोय) चालू ठेवून मिठाचा उजेड मर्यादेच्या आत राखला, तर सावलीतला चेहरा नंतर वर उचलता येतो. म्हणजे उन्हासाठी फिल्म अपरिहार्य आहे असे नाही, ती अधिक क्षमाशील आहे इतकेच.

आता कोणती फिल्म घ्यावी ते पाहू. सुपर ८ मध्ये कोडॅकच्या व्हिजन ३ मालिकेतील ५०डी, २००टी आणि ५००टी अशा निगेटिव्ह मिळतात (आकडा प्रकाशाची संवेदनशीलता सांगतो, डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे दिव्याच्या उजेडासाठी). तुम्ही ५०डी घ्यावी. तिच्यासाठी भर उन्हात, २४ फ्रेमच्या गतीला, साधारण एफ १६ हे ॲपर्चर (भिंगाचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) लागते. हेच २००टी वापरून केले तर दिवसाच्या उजेडासाठी लागणारा नारिंगी ८५ फिल्टर लावूनही प्रकाश इतका जास्त होतो की बहुतेक भिंगांचे ॲपर्चर तितके लहान होत नाही. खरे तर ५०डी असतानाही एफ १६ वर थांबू नये. सुपर ८ ची चौकट सुमारे ५.८ बाय ४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते, आणि इतक्या लहान चौकटीवर ॲपर्चर फार बारीक केले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्र बोथट होते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच) लावून एफ ५.६ च्या आसपास काम करावे.

तुमच्या कॅमेऱ्याचा मीटर बंद आहे, याची खंत बाळगू नका. त्या काळातील अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत आणि ते सेल आता बाजारात नाहीत. श्रवणयंत्रात वापरला जाणारा १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल बसवून मीटर चालू होतो का, ते एकदा पाहावे. परंतु मीटर चालू झाला तरी त्याच्यावर विसंबू नये. अनेक साध्या सुपर ८ कॅमेऱ्यांना कार्ट्रिजच्या (फिल्म असलेल्या बंद डबीच्या) खाचेवरून ४० आणि १६० एवढ्याच संवेदनशीलता ओळखता येतात, आणि त्यातही समोर पांढरे मीठ असले की कोणताही मीटर फसतो. तो समोरच्या दृश्याला मध्यम करडे समजतो आणि ॲपर्चर गरजेपेक्षा बारीक करतो. हातातला मीटर घेऊन, चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजून ॲपर्चर हातानेच लावावे. कॅमेऱ्याच्या आत बसविलेला ८५ फिल्टर ५०डी वापरताना बाजूला सरकविलेला आहे, याची खात्री करायला विसरू नये.

आता पूर्ण माहितीपट सुपर ८ वर का करू नये, ते सांगतो. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, म्हणजे ३,६०० फ्रेम असतात. १८ च्या गतीला त्या ३ मिनिटे २० सेकंद पुरतात आणि २४ च्या गतीला २ मिनिटे ३० सेकंद. पंधरा मिनिटांच्या चित्रपटासाठी चौपट चित्रीकरण धरले, आणि माहितीपटासाठी चौपट म्हणजे फार काटकसर झाली, तरी तासाभराचे चित्रण होते, आणि २४ च्या गतीला त्यासाठी २४ कार्ट्रिजे लागतात. १६ मिलिमीटरवर १०० फुटांचा रोल २ मिनिटे ४६ सेकंद चालतो, म्हणजे तेच चित्रण २२ रोलांत होते. फिल्मची किंमत, ती धुण्याचा खर्च, स्कॅनचा खर्च आणि वाहतूक हे चारही आकडे या संख्येने गुणले की खरा हिशेब समोर येतो. डिजिटलवर सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने ६४ जीबीच्या एका कार्डावर ८५ मिनिटे मावतात आणि तेच कार्ड दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते.

दुसरे कारण चौकटीच्या आकाराशी निगडित आहे. क्षितिजापर्यंत पसरलेले वाफे, त्यांच्यात पडलेले आभाळ, दूरवर वाकलेली माणसे अशी विस्तृत दृश्ये सुपर ८ वर घ्यावीत असा मोह होतो. प्रत्यक्षात तिथेच हे माध्यम उघडे पडते. दूरचा माणूस चार-सहा दाण्यांत विरून जातो. शिवाय सुपर ८ कार्ट्रिजमधली फिल्म दाबून धरणारी पट्टी कार्ट्रिजमध्येच, प्लॅस्टिकची असते, त्यामुळे चित्र किंचित थरथरते, आणि स्थिर क्षितिजावर ती थरथर लगेच जाणवते. याउलट फळी ओढणारे हात, बांधावरून चालणारी अनवाणी पावले, टोपलीतून गळणारे पाणी, मिठाचा खडा अशी जवळची दृश्ये सुपर ८ वर अतिशय समृद्ध येतात, कारण दाणा हा त्या पृष्ठभागाचाच भाग वाटतो. म्हणून माझा सल्ला रूढ समजुतीच्या उलट आहे : दूरचे डिजिटलवर घ्या आणि जवळचे फिल्मवर घ्या.

गतीविषयी एक गोष्ट. १८ च्या गतीने कार्ट्रिज अधिक पुरते, पण तुमचा अंतिम चित्रपट २५ फ्रेमचा असणार, आणि १८ चे २५ करताना काही फ्रेम दुबार छापाव्या लागतात. फळी ओढण्यासारख्या सलग हालचालीत तो झटका दिसतो. २४ वर घेतलेले चित्रण २५ वर चालविले तर जेमतेम चार टक्के वेग वाढतो आणि तो कुणाच्याही लक्षात येत नाही.

ध्वनीमागून (फोंडा)

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे आणि तिच्याशी माझा वाद नाही. परंतु प्रश्नकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की हे काम करणारी माणसे उतारवयाची आहेत. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय या एका वाक्यावर व्हायला हवा.

मिठागराच्या कामात कालावधी हीच माहिती आहे. एका वाफ्यातले मीठ ओढून कडेला आणायला किती वेळ लागतो, मधे कुठे थांबतात, कोण कुणाला हाक मारते, फळी किती तिरकी धरतात आणि पाणी ढवळू नये म्हणून पाऊल कसे टाकतात, हे सर्व अखंड चित्रणातूनच कळते. तिपायी रोवून वीस-पंचवीस मिनिटांचा एकच सलग शॉट घेता येणे, ही डिजिटलने दिलेली फार मोठी देणगी आहे. अडीच मिनिटांच्या कार्ट्रिजमधून तुम्हांला त्या कामाची निवडक, देखणी क्षणचित्रे मिळतील, पण काम मिळणार नाही. पन्नास वर्षांनी कुणी हे मिठागर पुन्हा उभे करायचे म्हटले, तर त्याला तुमची क्षणचित्रे पुरणार नाहीत.

दुसरा मुद्दा आवाजाचा. कोडॅकने १९७३ मध्ये आवाज नोंदविणारी सुपर ८ कार्ट्रिजे आणली होती, ती १९९७ मध्ये बंद झाली. आज मिळणारी सर्व कार्ट्रिजे मूक आहेत. घरगुती सुपर ८ कॅमेऱ्याची मोटर ठरलेल्या गतीला तंतोतंत चिकटून चालत नाही, त्यामुळे वेगळ्या यंत्रावर नोंदविलेला आवाज अर्ध्या मिनिटातच ओठांपासून दूर जाऊ लागतो, आणि मोटरचा खडखडाट मुलाखतीत येतो तो निराळाच. तुमच्या माहितीपटात तर बोलणे हेच मोलाचे ठरणार आहे. प्रत्येक वाफ्याला, प्रत्येक अवजाराला, पाण्याच्या प्रत्येक अवस्थेला तिथल्या बोलीत स्वतंत्र नाव असते आणि ती नावे त्या माणसांच्याच तोंडून, त्यांच्याच उच्चारात नोंदली गेली पाहिजेत. खाडीवरचा वारा दुपारनंतर फार वाढतो, म्हणून मायक्रोफोनवर केसाळ वारारोधक आवरण हवेच आणि मुलाखती शक्यतो सकाळी घ्याव्यात. मानशीतून पाणी आत येतानाचा आवाज, ओल्या मिठावरून फळी सरकतानाची खरखर, टोपली रिती होतानाचा आवाज हे सगळे कॅमेरा बंद असतानाही स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावे.

आणखी एक मुद्दा सहसा कुणी मांडत नाही. डिजिटलवर घेतलेले चित्रण त्याच दिवशी, बांधावर बसून, ज्यांचे काम चित्रित केले त्यांना दाखविता येते. ते पाहून ती माणसे सांगतात की हे असे नाही, याच्या आधी आम्ही अमुक करतो, ते तुम्ही घेतलेच नाही. ही दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते. फिल्म धुऊन, स्कॅन होऊन परत येईपर्यंत आठवडे जातात, आणि तोवर पाऊस आला तर वर्षभर थांबावे लागते. हंगामी कामाच्या नोंदीत हा फरक मला प्रकाशाच्या सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो.

डिजिटलचेही तोटे आहेत, त्यांची तयारी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ४के चित्रण करताना अनेक लहान कॅमेरे तापून स्वतःहून बंद होतात, म्हणून कॅमेऱ्यावर पांढऱ्या कापडाची सावली धरावी. काही कॅमेऱ्यांत सलग चित्रणाला सुमारे अर्ध्या तासाची मर्यादा घातलेली असते, ती आधी तपासावी. मिठाचा तुषार तर कोणत्याही यंत्राचा शत्रूच आहे. दिवसाचे काम संपल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा आणि तिपायी पुसावी.

लाइटमीटर (पणजी)

सलग चित्रणाचा आणि त्याच दिवशी दाखविण्याचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. मुलाखती आणि कामाची सलग नोंद डिजिटलवरच व्हायला हवी. मात्र फिल्मवरची चित्रणे केवळ देखणी क्षणचित्रे असतात, या विधानाशी मी सहमत नाही. अडीच मिनिटेच हाती आहेत हे माहीत असलेला माणूस बटण दाबण्याआधी पुष्कळ वेळ नुसता पाहत उभा राहतो, कामाची लय समजून घेतो आणि हालचाल नेमकी कुठे सुरू होते व कुठे संपते हे शोधतो. ज्याने असे पाहिले आहे त्याचा डिजिटलवरचा सलग शॉटही बदलतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत थोडी फिल्म वापरावी आणि नंतर डिजिटलकडे वळावे, असा क्रम मी सुचवीन.

शापोराकाठ (पेडणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलाखती, विस्तृत दृश्ये आणि कामाची सलग नोंद डिजिटलवर घ्यायची, आणि हात, पावले, मीठ यांसाठी ५०डी ची मोजकी कार्ट्रिजे राखायची, असे आता ठरविले आहे. ती कार्ट्रिजे २४ च्या गतीवरच चालवीन. दोन प्रश्न अजून उरतात. फिल्म असो वा फाइल, गोव्याच्या पावसाळ्यात ती सांभाळायची कशी? आणि चित्रण झालेली कार्ट्रिजे धुण्यासाठी गोव्याबाहेर पाठविताना कोणती काळजी घ्यायची?

जुनी रिळे (मडगाव)

सांभाळण्याविषयी मी लिहितो, कारण गेली अनेक वर्षे ओळखीच्या घरांतील जुनी रिळे आणि कॅसेटी डिजिटल करून देण्याचे काम मी हौसेने करीत आलो आहे.

फिल्म शंभर वर्षे टिकते, हे वाक्य आपल्याकडे फार सैलपणे वापरले जाते. ते थंड आणि कोरड्या भांडारातील फिल्मविषयी खरे आहे, गोव्यातल्या लाकडी कपाटातील फिल्मविषयी खरे नाही. ८ आणि १६ मिलिमीटरची फिल्म प्रारंभापासून न पेटणाऱ्या ॲसिटेटच्या आधारावर बनविली गेली आणि आजची सुपर ८ निगेटिव्हही ॲसिटेटवरच असते. उष्णता आणि ओल यांमुळे हा आधार विघटित होऊ लागतो, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि सुटलेले आम्लच पुढचे विघटन वेगाने घडवून आणते. डबा उघडल्यावर शिरक्यासारखा आंबूस वास आला की हा रोग सुरू झाला असे समजावे. पुढे फिल्म आकसते, वळते, ठिसूळ होते आणि तिच्यावरचा जिलेटिनचा थर सुटू लागतो. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही नव्या ॲसिटेट फिल्मला हा रोग साधारण ४० वर्षांत गाठतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा मुदत किती आखडते ते सांगायला नको. मी हाताळलेल्या रिळांपैकी सर्वांत वाईट अवस्था खाडीलगतच्या घरांतील रिळांची होती, आणि सर्वांत चांगली अवस्था वरच्या मजल्यावरच्या, वारा खेळणाऱ्या खोलीत ठेवलेल्या रिळांची.

बुरशीची गोष्ट वेगळी आहे, पण तितकीच गंभीर आहे. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की जिलेटिनवर बुरशी धरते. ती दिसली की लोक ओल्या फडक्याने पुसायला जातात, आणि नेमके तेच टाळायला हवे. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते, त्यामुळे बुरशीबरोबर चित्रही निघून जाते. अशी फिल्म प्रथम कोरडी करावी आणि जाणकाराच्या हाती द्यावी.

तुमच्या नव्या निगेटिव्हसाठी सांगायचे तर, ती धुऊन आल्यावर पाऊस सुरू होण्याआधीच, कोरड्या दिवशी, सिलिका जेलच्या पुडीसह दोन घट्ट बंद पिशव्यांत ठेवावी आणि फ्रिजमध्ये भाजीपाल्यापासून दूर, एका डब्यात सांभाळावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, एरवी आतल्या थंड फिल्मवर दव धरते. मामांच्या काळातील जुनी रिळे घरात असतील तर ती नव्या निगेटिव्हबरोबर मुळीच ठेवू नका, कारण एका रिळाचे आम्ल शेजारच्या रिळाला लागते. ती रिळे प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचाही मोह टाळा. आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि फिल्म फाटते.

आता फाइलविषयी. फाइलला बुरशी लागत नाही, पण ती दुर्लक्षाने मरते, आणि फिल्मपेक्षा फार लवकर मरते. १९९५ साली आलेल्या मिनीडीव्ही कॅसेटींवर अनेक घरांनी लग्ने आणि बारशी नोंदविली. आज त्या कॅसेटी वाचणारी चालू यंत्रे शोधताना माझा निम्मा वेळ जातो. याउलट १९६० च्या दशकातील ८ मिलिमीटरचे रीळ मी उजेडासमोर धरले आणि भिंगातून पाहिले, तर त्यात काय आहे ते यंत्राविना कळते. म्हणून तुमच्या डिजिटल चित्रणाच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत पेडण्याबाहेर, नातेवाइकांच्या घरी किंवा क्लाउडवर असावी. पावसाळी गडगडाटात डिस्क संगणकाला जोडून ठेवू नये. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखण्याचा संगणकाने काढलेला आकडा) काढून ठेवावा, वर्षातून एकदा सर्व प्रती उघडून तो पडताळावा आणि काही वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवावे. एसएसडी (चिपवर साठवण करणारी डिस्क) वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली तर तिच्यातील नोंद पुसट होऊ शकते, म्हणून ती संग्रहाचे साधन म्हणून वापरू नये.

फिल्मचे स्कॅन करून घेताना काटकसर करू नका. माहितीपट पणजीच्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) दाखविला गेला किंवा गावात देवळासमोर पडदा बांधून दाखविला, तरी तो फाइल म्हणूनच दाखविला जाणार. म्हणजे प्रेक्षकांपर्यंत पोहोचणारे चित्र स्कॅनरचे असते. २के किंवा त्याहून मोठे, १० बिटचे, रंग न चढविलेले सपाट स्कॅन मागावे आणि ते प्रोरेससारख्या, फाइल फार न दाबणाऱ्या स्वरूपात घ्यावे. चित्रावर धार चढविणे आणि दाणे काढून टाकणे या दोन्ही गोष्टी करू नयेत, असे लेखी कळवावे. आणि स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नये. दहा वर्षांनी अधिक चांगला स्कॅनर आला की तीच निगेटिव्ह आजच्यापेक्षा अधिक देईल.

लाइटमीटर (पणजी)

पाठविण्याविषयी लिहितो. व्हिजन ३ निगेटिव्ह ईसीएन-२ या, चित्रपटाच्या निगेटिव्हसाठी असलेल्या, प्रक्रियेने धुवावी लागते. या निगेटिव्हच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असू शकतो आणि तो धुताना वेगळा काढावा लागतो, म्हणून ती साध्या फोटो स्टुडिओच्या सी-४१ (रंगीत फोटो फिल्म धुण्याच्या) यंत्रात कधीही देऊ नये, तिच्यामुळे त्यांचे सगळे रसायनही खराब होते. चित्रपटाची फिल्म धुणाऱ्या लॅबशी आधी बोलून ती सुपर ८ कार्ट्रिजे स्वीकारते का, स्कॅन तिथेच होते का आणि पुढची खेप केव्हा धुतली जाणार आहे, हे विचारून घ्यावे. अनेक लॅब पुरेशी फिल्म जमल्यावरच रसायन चालू करतात. पहिले एक कार्ट्रिज चाचणी म्हणून डिसेंबरातच, बांधांची दुरुस्ती चालू असताना वापरावे आणि धुऊन आणावे, म्हणजे मीठ धरेपर्यंत कॅमेऱ्याची प्रकाशगळती, गती आणि फोकस यांची परीक्षा होऊन जाईल.

चित्रण झालेली पण न धुतलेली फिल्म क्ष-किरणांपासून जपावी लागते. विमानात सामानकक्षात द्यावयाच्या बॅगांची तपासणी करणारी यंत्रे तिच्यावर धुके आणतात, आणि हातातल्या बॅगांसाठी काही विमानतळांवर आलेली सीटी पद्धतीची नवी यंत्रेही तितकीच घातक आहेत. त्यामुळे गोव्यातील दाभोळी किंवा मोपा विमानतळावरून जायचेच झाले तर कार्ट्रिजे पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून हाताने तपासणी करण्याची नम्र विनंती करावी. ती मान्य होईलच याची हमी नसते, म्हणून मुंबईच्या किंवा पुण्याच्या बाजूला कुणी रेल्वेने जाणार असेल तर थिवीच्या रेल्वे स्थानकावरून त्यांच्याबरोबर देणे अधिक सुरक्षित आहे, आणि तिथेही स्थानकावर सामान तपासणारे यंत्र असल्यास हीच विनंती करावी. कुरिअरने पाठविणार असाल तर हवाईमार्गे न पाठविता रस्त्याने जाणारी सेवा निवडावी, खोक्यावर ‘न धुतलेली फिल्म, क्ष-किरण तपासणी करू नये’ असे मोठ्या अक्षरांत मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहावे. प्रत्येक कार्ट्रिजवर क्रमांक, तारीख आणि चित्रणाची गती लिहून त्याच क्रमांकाने वहीत त्यातल्या दृश्यांची नोंद ठेवावी. चित्रण झालेली कार्ट्रिजे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत आणि हंगाम संपेपर्यंत साठवून न ठेवता, तीन-चार जमली की पाठवीत जावे.